चौकट निघाल्यावर

"नाक छान आहे गं याचं! घाबरू नकोस, त्याला मराठी कळत नाही."

साताऱ्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आलेली स्पृहा थोरल्या बहिणीला, सिंधूताईला, फोनवर सांगत होती. आणि ज्याचं नाक छान होतं तो वादिराज तिच्याच खिडकीचं माप घेत होता. त्याच्या हातातली टेप सटकन गुंडाळली गेली.

"सॉरी मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला.

हे मंगळवारी.

शुक्रवारी तो माणसं घेऊन आला. हूटगळ्ळीतल्या या घरात नुसत्या काचा बदलून भागणार नव्हतं. वाळवीने चौकटच पोखरली होती. छिन्नी, हातोडा, विटांची लाल धूळ... चौकट निघाली. अख्खी.

उरलं भोक. भोकातून वारा, समोरचा शेवगा, आणि भोकाशी कॉफी पीत उभा—तो.

ती फोनवर.

"आई, साताऱ्याला कशी येऊ? भिंतीला भोक आहे! ... हो, असेल मुलगा चांगला. ... आज बसेल खिडकी. ... हो गं, रात्रीची बस धरते."

मग लगेच सिंधूताई.

"ताई, ही खिडकी आज बसूच नये गं! बसली की मी निघाले मुलगा बघायला, आणि हा नाकवाला गेला आपल्या वाटेने. एकदा बोलायला हवं होतं... पण काय बोलू? कन्नडमध्ये मला 'ऊटा आयता', जेवलात का, एवढंच येतं."

"तेवढ्यावर भागतं की," भोकापाशी कुणीतरी म्हणालं.

मराठीत.

स्पृहाने फोन बंद केला.

"तुम्हाला—"

"अय्यो, घरी आम्ही मराठीच बोलतो. आजोबांच्या आजोबांपासून. थोडी मोडकी, अष्टे... एवढंच."

"मग मंगळवारी सांगायचं ना!"

"पहिलंच वाक्य नाकाचं. नंतर तोंड कसं उघडू?"

"लाज नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर इंग्रजी बोललो."

तिला रागवायचं होतं... हसूच आलं.

"काम सोमवारवर ढकलता येईल," तो हळूच म्हणाला. "सामान नाही आलं म्हणायचं. पण तसं खोटं सांगून तुम्हाला थांबवलेलं मला नको. खिडकी आजच बसवतो. तुम्ही... तुम्हाला वाटलं तर थांबा."

संध्याकाळी नवी चौकट चपखल बसली. कडेच्या फटीत फोम फुगला, पल्ले लागले, रस्त्यावरचे हॉर्न गप्प झाले. सबबही संपली. माणसं हत्यारं घेऊन खाली गेली; वादिराज मात्र काचेवरचा एकच डाग पुसत राहिला—केव्हाच गेलेला.

फोन वाजला.

"निघालीस का गं?"

"नाही आई. मी येत नाहीये."

"अजून भोकच आहे?"

"नाही. खिडकी बसली." तिने मोठ्ठा श्वास सोडला. इतकं सोपं होतं हे? "छान बसली."

"मग कशामुळे, स्पृहा?"

काचेवरचं फडकं थांबलं.

"तुला सांगते," ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "पण मला आधी त्याला सांगू दे."