तांडेलाचा हात

विजेच्या मोटरीची तिसरी चाचणी नापास झाली तेव्हा ती घेणाऱ्या अभियंता शलाका पेंढुरकरला रागसुद्धा आला नाही. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि साखरबंदरच्या समुद्राने तिची ताकद उलट्यांवाटे केव्हाच काढून घेतली होती. परत येईपर्यंत बॅटरीत निदान एक पंचमांश वीज उरायला हवी होती. ती पुन्हा थोडक्यात हुकली. मचवा धक्क्याला लागला तरी ती फळीवर तशीच बसून राहिली.

मचवा मूळचा शिडाचा. मधल्या काळात त्यात डिझेलचं इंजिन आलं आणि शीड माळ्यावर गेलं. आता होड्यांना डिझेल मिळणं बंद झालं होतं, आणि मच्छीमारांच्या वाडीतल्या होड्या वाळूत ओळीने आडव्या पडल्या होत्या. म्हणून या एका मचव्याचं इंजिन काढून विजेची मोटर बसवली होती, आणि शीड पुन्हा चढवलं होतं. वारा असला की शिडावर चालायचं. तेव्हा पाण्याच्या जोराने पंखा फिरे आणि बॅटरीत थोडी वीज परत येई. वारा पडला की मोटर. चाचणी पास झाली तर सगळ्या वाडीला मोटरी मिळणार होत्या. नाही झाली तर होड्या वाळूत कुजणार आणि माणसं गोव्याच्या हॉटेलांत भांडी घासायला जाणार, हे शलाकाला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

सगळी मदार होती ‘अनुकर’वर. मोटरीचा ताबा ठेवणारी ही डब्याएवढी पेटी तांडेलाचा, म्हणजे होडी हाकणाऱ्याचा, हात शिकायची. लाट चढताना तो वेगाचा दांडा किती पुढे ढकलतो, उतरताना किती सोडतो, कुठल्या जागी काय करतो, हे ती टिपून घ्यायची आणि काही फेऱ्यांनंतर मोटर स्वतःच तशी चालवायची. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर वीज सात-आठपट जाते. तिथे हाताची काटकसर म्हणजे अर्धी लढाई. एका तांडेलाचा हात नीट शिकला की तो पुढे सगळ्या होड्यांच्या पेट्यांत भरायचा, असा बेत होता. या मचव्याचे तांडेल लवू खवणेकर यांच्यासारखा हात या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. वाडीत पेटीला अनुकर कुणी म्हणत नसे. ती लवूकाकांचा ‘चेलो’ होती.

मग घोडं पेंड खात होतं कुठे? शलाकाने मोटर उघडून पाहिली, बॅटरीचा कप्पा न् कप्पा तपासला, पंख्यावरची कालवं खरवडून काढली. सगळं ठणठणीत. मुंबईच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला, “आणखी एक-दोनदा करा, नाहीतर गुंडाळा.” ती ‘बरं’ म्हणाली. एवढंच म्हणण्याचं त्राण उरलं होतं.

त्याच कंटाळ्यात तिने तिन्ही फेऱ्यांचे कच्चे आलेख पडद्यावर एकाखाली एक लावले, आणि परतीच्या वाटेवर, घोणसखडप नावाच्या खडकापाशी, तिन्हींत एकाच जागी वीज शून्य झालेली दिसली. पहिल्या दिवशी हा खळगा तिला दिसला होता. मापकाचा दोष समजून तिनेच तो बुजवून टाकला होता. ती खाली मोजमापांच्या यंत्रांशी, बादली पोटाशी धरून बसलेली असायची. डिझेलचं इंजिन थांबलेलं बहिऱ्यालाही कळलं असतं. ही मोटर चालू काय नि बंद काय, सारखीच मुकी.

लवूकाका धक्क्यावर दोर गुंडाळत होते.

“काका, घोणसखडपाशी मोटर बंद पडते का हो?”

“पडणा नाय. मी बंद करतंय.”

“तुम्ही? कशासाठी?”

त्यांनी दोर खाली ठेवला. “थंय आमची माणसा आसत.”

मग तुटक तुटक कळलं. फार वर्षांमागच्या वादळात वाडीची एक होडी तिथे गेली. लवूकाकांचा धाकटा भाऊ अर्जुन तिच्यात होता. कुणाचंच शव हाती लागलं नाही. तेव्हापासून वाडीची कुठलीही होडी त्या जागेवरून इंजिन चालवत जात नाही. बंद करायचं, मान खाली घालायची, वारा आणि पाणी नेईल तसं पलीकडे जायचं. वळसा घालावा तर एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला लांबचा पल्ला. परतीला ओहोटीची ओढ होडीला तिरकी, वाटेपासून लांब रेटायची आणि गमावलेलं अंतर पुन्हा तोडावं लागायचं. डिझेलच्या दिवसांत कॅनभर तेल जास्त जाळलं की काम भागत असे.

“पण काका, या मोटरीला आवाजच नाही.”

“आवाजासाठी नाय गो बाय. तेंच्या माथ्यारसून पंखो फिरवचो नाय.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“तू इचारलंस खंय?” ते म्हणाले. मग वाळूतल्या होड्यांकडे बघत स्वतःच बोलले, “बरा. उद्या बंद करूचंय नाय. अर्जुन समजान घेतलो.”

चौथ्या फेरीला शलाका बादली घेऊन वर, त्यांच्याशेजारी बसली. परतताना खडप जवळ आलं. लवूकाकांनी दांड्यावरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि तोंड फिरवलं.

मोटर थांबली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हात कुणीच लावला नव्हता. पंखा स्थिर होता, मचवा हळूहळू तिरका वाहत होता. जागा मागे पडल्यावर अनुकरने मोटर आपणहून, अगदी अलगद, पुन्हा सुरू केली. लवूकाकांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते. “चेलो शिकलो,” ते म्हणाले.

चाचणी चौथ्यांदा नापास झाली.

अनुकरचं शिकलेलं पुसावं तर काटकसरीचा हातही जाणार होता. पण वरून एक हुकूम घालता येत होता: या जागी थांबू नकोस. एका ओळीचं काम. शलाकाने ती ओळ लिहिली. लिहिताना तिला स्वतःची चीड आली, आणि वाडीतल्या होड्या डोळ्यांसमोर आल्यावर तीही ओसरली.

पाचव्या फेरीला मोटर खडपावरून न थांबता चालत गेली. लवूकाकांनी हात जोडले, ओठ हलवले. धक्क्याला लागले तेव्हा बॅटरीत हवी होती त्याहून थोडी जास्तच वीज होती. किनाऱ्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी गूळखोबरं वाटलं. लवूकाका मात्र पेटीपाशी उकिडवे बसून राहिले.

“चेल्याक काय सांगलंस?”

“तिथे थांबू नको म्हणून.”

“कित्या, म्हणान इचारल्यान नाय?”

“यंत्र ‘का’ म्हणून विचारत नाही, काका. सांगितलं ते करतं.”

“आमचे पोरगे इचारीत,” ते म्हणाले. “इंजान बंद केला की इचारीत, कित्या? मगे आमी अर्जुनाचा सांगू.”

एवढं बोलून ते गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि घरी गेले. पडद्यावर, हा हात किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्यांसाठी पाठवायचा का, एवढंच विचारलेलं होतं. शलाकाचं बोट ‘पाठवा’वर टेकलं होतं. वाडी जगणार होती, यात शंका नव्हती. पण जिथे आता कुठलीच होडी थांबणार नाही, तिथे खाली कोण आहे, हे विचारायचं तरी कुणाला सुचेल?