खालच्या फाटकावरची दहा मिनिटं

मी दिवसभर खोट्या गोष्टी सांगते. तोच माझा धंदा आहे.

बॅटरीवरच्या रिक्षात पाहुण्यांना बसवायचं, आमच्या बेटावरच्या फुंशाल बंदरापासून चढाने वर डोंगरावरच्या मोंतेला न्यायचं, बाग दाखवायची आणि परत धक्क्यावर त्यांच्या जहाजापाशी आणून सोडायचं. वाटेत गोष्टी. या हौदात एक राजकन्या आंघोळ करायची... या जिन्यावरून एक संन्यासी डोळे मिटून खाली उतरला... राजकन्या कसली, त्या हौदात माझी आजी गोधड्या धुवायची. पण पाहुण्यांना बरं वाटतं.

ही गोष्ट मात्र मी रिक्षात कधीच सांगितलेली नाही.

ही खरी आहे. हिच्यात फक्त दोन ठिकाणी मी खोटं बोलणार आहे. ते कुठे, हे शेवटी सांगेन. आत्ता धीर नाही.

चौदा नोव्हेंबर. तीन वर्षांपूर्वी.

त्या दिवशी धक्क्याला मोठं जहाज लागलं होतं. सकाळपासून माझ्या तीन फेऱ्या झालेल्या. गुडघा ठणकत होता आणि दुपारचं जेवण अजून पिशवीतच होतं. चौथ्या फेरीला तिघं मिळाले. एक मध्यमवयीन जोडपं आणि एक एकटी म्हातारी.

म्हातारीचं नाव एल्से. डेन्मार्कची. ऐंशीच्या पुढची असावी. हातात काठी, डोक्यावर निळी टोपी. ती मागच्या बाकावर उजव्या कोपऱ्यात बसली आणि बसल्या बसल्या मला एक काळी गोळी दिली.

"खा. चालवणाऱ्याला पहिली."

मी तोंडात टाकली. ज्येष्ठमधाची, पण खारट! पहिल्या वळणावर तिची नजर चुकवून थुंकून टाकली.

तिने आरशात पाहिलं होतं.

"माझी लेकही थुंकते," ती हसून म्हणाली. "सवय व्हावी लागते."

वर पोचलो. बाग डोंगरउतारावर आहे, वरच्या फाटकाने आत जायचं आणि खालच्या फाटकाने बाहेर पडायचं. मी तिघांनाही घड्याळ दाखवून सांगितलं, "साडेचारला खालच्या फाटकावर. मी तिथेच उभी असेन."

"मी हळू चालते हं," एल्सेबाई म्हणाल्या.

"काही काळजी करू नका. तुम्हाला सोडून कुठे जातेय?"

हे मी रोज म्हणते. हेही गोष्टींपैकीच एक.

सव्वाचारला धुकं उतरलं. मोंतेला ते असंच येतं, कोणाला न विचारता. साडेचारला जोडपं आलं. म्हातारी आली नाही.

मी दहा मिनिटं थांबले.

जोडपं घाई करायला लागलं. जहाज सुटेल, चला. शेवटी मी निघाले आणि उतारावरूनच सिल्विनोला फोन लावला. सिल्विनो आमच्यातलाच, माझ्या शेजारच्या गल्लीतला. कोणाचा पाहुणा मागे राहिला की दुसऱ्याने आणायचा, हा आमचा रिवाज.

"सिल्विनो, एक आजीबाई राहिल्यात बागेत. निळी टोपी. घेऊन ये ना."

"तुझ्या म्हाताऱ्या मीच गोळा करत फिरू का? आणतो, आणतो. संध्याकाळी पोंचाचा एक पेला पाज म्हणजे झालं."

पाच वाजता त्याचा फोन आला. "सोडली गं तुझी आजी जहाजावर."

मी घरी गेले. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसले.

सकाळी माळ्याला ती सापडली. खालच्या फाटकापासून वीसेक पावलांवर, नेच्यांच्या आड एक बाक आहे. तिथे ती बसलेली होती. काठी नीट शेजारी टेकवलेली. मुठीत दोन काळ्या गोळ्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय. अंधार पडायच्या सुमाराला गेली असावी.

जहाजाने त्या सकाळी सगळ्या पाहुण्यांना सारख्या निळ्या टोप्या वाटल्या होत्या. सिल्विनोने आणली ती दुसरीच आजी. तीही डोंगरावर कोणाची तरी वाट पाहत उभी होती, रिक्षा दिसली आणि बसली.

"माझी चूक," सिल्विनो सगळ्यांना सांगत होता. रडत होता. "नाव तरी विचारायचं मी!"

मी त्याला नाही म्हटलं नाही.

पोलिसांनी मला एकच विचारलं. किती वेळ थांबलात?

"दहा मिनिटं."

तिची लेक कीर्स्तन विमानाने आली. माझ्यासारखीच पन्नाशी ओलांडलेली, दमलेली बाई. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"दहा मिनिटं पुष्कळ झाली," ती म्हणाली. "आईला सगळीकडे उशीर व्हायचा. लोक तिच्यासाठी थांबत नसत. तुम्ही थांबलात."

मी मान खाली घातली. तिला वाटलं, मी विनयाने घातली.

मग सुरू झालं...

अकरा वर्षं मी ही रिक्षा चालवतेय. आमचा उतार असा, की चालणारा माणूसही मागे रेलूनच उतरतो. त्या उतारावर ब्रेक किती दाबावा लागतो, त्यावरून मागे किती जण आहेत ते मला न बघता कळतं. माझा उजवा पाय म्हणजे वजनकाटा आहे.

पुढच्या जहाजाच्या दिवशी मी खालच्या फाटकावर उभी होते. पाहुणे अजून बागेत. रिक्षा रिकामी. धुकं.

मागची स्प्रिंग वाजली.

चर्र...

कोणी बसलं की वाजते तशी. रिक्षा उजवीकडे जराशी कलली.

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

पाच पाहुणे आले, बसले, निघालो. पहिल्या उतारावर ब्रेक दाबला आणि पाय थबकला.

मागे सहा जण होते.

आरशात मोजले. पाच.

धक्क्यावर पाहुणे उतरले. एकेक उतरला की स्प्रिंग वर येते. पाचदा आली. मी गल्ला बंद करत होते, तेवढ्यात...

सहाव्यांदा आली.

मी कोणाला काही बोलले नाही. दमल्यावर माणसाला काहीही वाटतं. पण दर जहाजाला तेच. वर फाटकाशी कोणीतरी बसायचं, खाली धक्क्यावर उतरायचं. आणि पुढच्या जहाजाला पुन्हा वर फाटकाशी.

पाहुण्यांना काही कळायचं नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मागच्या बाकावर तीन जण आरामात बसतात. दोघंच असले, तर ते डाव्या बाजूला एकमेकांना चिकटून बसायचे. अनोळखी माणसं, मांडीला मांडी लावून. उजवा कोपरा मोकळा.

एकदा मी न राहवून म्हटलं, "अहो, ऐसपैस बसा की. जागा आहे."

त्या बाईने उजवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"नको, ठीक आहे," ती म्हणाली. आणि आणखी डावीकडे सरकली.

सिल्विनो चिडवायचा. "काय गं गोरेती, बॅटरी भरभर संपते म्हणे तुझी? जाड झालीस की काय?"

"तुझ्या बायकोला विचार कोण जाड झालंय."

हसायचो. पण तो माझ्या रिक्षात बसत नसे. एकदा घरापर्यंत सोडते म्हटलं, तर पावसात चालत गेला.

वैताग आला मला. भीती नंतर, आधी वैताग. रोज तोच चढ, त्याच गोष्टी, तोच हौद, आणि वर हे एक न दिसणारं ओझं. एका दिवशी ठरवलं, आज बसूच द्यायचं नाही तिला. पाहुण्यांना साडेचारच्या ऐवजी सव्वाचारची वेळ दिली. ते थोडे रेंगाळले, तरी चार बत्तीसला सगळे रिक्षात होते. मी निघालेच एकदम.

पाय हलका लागला! चार माणसं, चारच माणसांचा ब्रेक. मी शीळ घालत खाली आले.

धक्क्यावर उतरताना एक पोरगेलीशी पाहुणी म्हणाली, "एक विचारू? त्या आजींना का नाही घेतलं?"

"कुठल्या आजी?"

"आपण निघालो आणि लगेच त्या फाटकातून बाहेर आल्या. निळी टोपी होती. काठी वर करून हाक मारत होत्या... मला वाटलं तुम्ही पाहिलंत."



त्या दिवसापासून मी घड्याळ बघायला लागले. साडेचार. एकतीस. बत्तीस. तेहतीस.

चौतीस.

चर्र...

दर वेळी. चार चौतीस. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मग मी चार चौतीस होईपर्यंत थांबायचा नेमच केला. पाहुणे आधी आले, तर त्यांना आणखी एक खोटी गोष्ट सांगायची.

याचा अर्थ मला कळत होता. कळून घ्यायचा नव्हता.

गेल्या वर्षी चौदा नोव्हेंबरला कीर्स्तन पुन्हा आली. जहाजाने नाही, एकटीच, विमानाने. माझी रिक्षा तिने महिनाभर आधीच सांगून ठेवली होती.

"आईला नेलंत तसंच मला न्या. तीच वाट. त्याच गोष्टी सांगा."

मी सांगितल्या. राजकन्या, संन्यासी, सगळं. ती शहाण्या मुलीसारखी ऐकत होती. बसली होती बरोब्बर त्या उजव्या कोपऱ्यात. एल्सेबाईंनंतर पहिल्यांदाच कोणीतरी तिथे बसलं होतं. वर जाताना तिने काळी गोळी पुढे केली. या वेळी मी थुंकली नाही.

बाग पाहून ती सव्वाचारलाच खालच्या फाटकावर आली. माळ्याने तिला ते बाक दाखवलं होतं. डोळे लाल होते.

"निघायचं?" मी विचारलं. मला निघायचं होतं. तिथून चौतीसच्या आत, तिला घेऊन, कसंही करून निघायचं होतं.

"नाही," ती रिक्षात बसत म्हणाली. "साडेचार होऊ देत. मग तुम्ही थांबलात तितकी दहा मिनिटं मला इथे थांबायचंय. तेवढ्यासाठीच आले मी."

धुकं उतरलं. फाटक दिसेनासं झालं.

साडेचार.

एकतीस. ती घड्याळाकडे बघत होती. मीही.

बत्तीस.

तेहतीस...

मला ओरडावंसं वाटलं. सांगून टाकावं, आत्ता, तोंड उघडून.

चौतीस.

चर्र...

रिक्षा उजवीकडे कलली. मी आरशात पाहिलं. कीर्स्तन डावीकडे सरकली होती. स्वतःच्या नकळत. पदर सावरावा तसा कोट आवरून घेऊन, शेजारच्याला जागा देतात तशी. तिचं लक्ष अजून घड्याळातच होतं.

पस्तीस. छत्तीस. ती शांत बसली होती, खांदा उजवीकडे जरासा कललेला. टेकायला काही नसताना टेकलेला.

चाळीस झाले.

"बघा," ती म्हणाली आणि नाक पुसलं. "दहा मिनिटं झाली. आई आलीच नाही. आणखी कुणी किती थांबायचं? मनात कुठेतरी होतं, तुम्ही घाई तर केली नसेल ना. माफ करा मला. तुम्ही खरंच दहा मिनिटं थांबला होतात ना?"

उभ्या रिक्षात ज्येष्ठमधाचा वास होता. माझ्या तोंडातली गोळी कधीच संपली होती.

आरशात ती एकटीच दिसत होती.

"हो," मी म्हटलं. "दहा मिनिटं."

उतारावर पाय भरून आला. दोघींचा ब्रेक.

धक्क्यापाशी कीर्स्तन उतरली. मला मिठी मारली. स्प्रिंग एकदा वर आली.

मी थांबले. पाच मिनिटं थांबले. पंधरा मिनिटं थांबले.

दुसऱ्यांदा आली नाही.

तेव्हापासून ती उतरलेली नाही. जहाज असो नसो, धक्का असो बाजार असो. घराच्या चढावर बॅटरी भसाभस संपते. सकाळी रिकामी रिक्षा काढली तरी उजवीकडे कललेली असते. मिस्त्रीने दोनदा स्प्रिंग बदलली. म्हणाला, "ताई, स्प्रिंगला काही झालेलं नाही. तुम्ही मागे काय ठेवताय?"

नाताळात कीर्स्तनचं कार्ड आलं. त्या दहा मिनिटांबद्दल आभार, असं लिहिलंय. फ्रीजवर लावलंय. पत्ता आहे त्यावर. मी चार पत्रं लिहायला घेतली आणि चारही फाडली.

आता ते खोटं कुठे होतं, ते सांगते.

त्या जोडप्याने घाई केली नव्हती. तो माणूस म्हणाला होता, "थांबूया की, जहाजाला अजून तास आहे." मला घरी जायचं होतं. मी दमले होते. बस, एवढंच कारण. दुसरं काहीही नाही.

आणि दहा मिनिटं नव्हती.

तीन होती. साडेचारला मी घड्याळ पाहिलं आणि चार तेहतीसला निघाले.

सिल्विनोलाही हे माहीत नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. कीर्स्तनला सांगायचं अजून राहिलंय.

रिक्षा खिडकीखालीच उभी असते. वरचं वाक्य लिहून झालं, तेव्हा तिची स्प्रिंग वाजली.

उतरली, की नुसती सावरून बसली, ते उद्या उतारावर कळेल.