नळीवर कोरलेली नावं

मंगळावरच्या वीजकेंद्रात बैठक चालली होती आणि इरावती दाबकेचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. तळवस्तीपलीकडच्या अणुभट्टीतून एकदिश वीज एकाच तारेनं केंद्रात यायची. तिची परतीची वाट जमिनीतून. त्यासाठी पुरलेलं भूअग्र, म्हणजे वीज मातीत सोडणारा धातूचा गज, इरावतीनंच आखलं होतं. दुसरी तार वाचवली म्हणून प्रमुख केळुसकरांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. मग त्याच खाऱ्या मातीतून, तिला न विचारता, त्यांनी तळवस्तीपर्यंत प्राणवायूची पोलादी नळी टाकली. तळवस्तीत तिचा धाकटा भाऊ शिरीष राहायचा.

"विजेला मातीपेक्षा पोलाद सोपं," ती म्हणाली. "इथं ती नळीत शिरते, तळवस्तीला बाहेर पडते. शिरते तिथं नळीला काही होत नाही. बाहेर पडते तिथं ती पोलाद खाते."

"मग तळवस्तीच्या टोकाला चांगला जाड रंग देऊ."

"तिथं नको, साहेब. द्यायचाच तर इथं द्या, म्हणजे वीज आत शिरणारच नाही. तिथल्या रंगावर एक चरा जरी पडला, तरी सगळी वीज त्या चऱ्यातूनच बाहेर पडेल. वर्षांचं काम महिन्यांत होईल."

"इथं काही होत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?" केळुसकर हसले, तसे सगळेच हसले. शेवटी "बघू" म्हणून त्यांनी विषय मिटवला. त्यांचं 'बघू' म्हणजे काहीच व्हायचं नाही, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे निदान रंगाचं खूळ तरी टळलं, असं इरावतीला वाटलं.

नेमकं या एकाच वेळी मेल्यांनी काम केलं होतं.

चार महिन्यांनी शिरीषचा फोन आला, तेव्हा तो भलताच खुशीत होता. केंद्रातून फार भारी रंग आला होता म्हणे. अख्ख्या वस्तीनं मिळून नळी रंगवली, इतकी की बोटभरही जागा सुटली नाही. कुठं ओरखडा पडू दिला नसशील ना, एवढंच इरावतीनं विचारलं.

"ओरखडा कसला, ताई! लग्नाच्या भांड्यांवर घालतात ना, तशी नावं घातलीत नळीवर. पहिलं आईचं. मी स्वतः कोरलं."

"किती खोल?"

"आतलं पोलाद चमकेपर्यंत. सुरेख दिसतं गं. फक्त कालपासून तिथून बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय. ते काय असेल?"