उधन्याच्या सभागृहातला पहिला नारळ

चंचलला त्या दिवशी काय मिळणार होतं, ते आधी सांगतो.

दिल्लीच्या एका विद्यापीठात कायमची जागा. दारावर नावाची पाटी. आणि "चीनचा तमाशा शिकून पोट भरतं का?" असं बारा वर्षं विचारणाऱ्या सगळ्या नातेवाइकांची तोंडं बंद.

त्या नातेवाइकांत मी पहिला. चंचल माझी मेहुणी. मी तिला 'चिनी बाई' म्हणायचो, ती मला 'दाजी, तुम्ही साड्यांचे गठ्ठे मोजा' म्हणायची.

जे लिहितोय ते मी पाहिलंय आणि ऐकलंय. पटवून घ्यायचं की नाही, ते तुम्ही बघा. मी तर अजून पटवून घ्यायला तयार नाही.

साल १९९७. फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे चार. सुरतेत उधन्याला आमच्या खान्देशी मंडळाचं नवं सभागृह.

चंचलने चीनच्या दक्षिणेकडच्या संगीत नाटकावर पीएच.डी. केली होती. दीड वर्ष तिकडे राहून आली होती. निवड समितीतले एक प्रोफेसर सुरतेला कसल्याशा परिषदेला आलेले. ही त्यांच्या मागे लागली, की सर, मला तासभर द्या, एक विधी करून दाखवते.

विधी असा. तिकडे नवा रंगमंच बांधला की पहिल्या खेळाआधी पांढऱ्या वाघाला बांधतात. एक नट वाघ होतो. टांगलेलं मांस खायला येतो. दुसरा काळं तोंड रंगवून त्याला साखळीने जखडतो आणि घेऊन जातो.

झांज वाजली तर चालते. पण वाघ बांधून होईपर्यंत माणसाने बोलायचं नाही.

कोणीच नाही. एक शब्द नाही.

"आणि बोललं तर?" मी विचारलं.

"त्याचं वाईट होतं म्हणतात."

"मग तुझ्या बहिणीला आणूच नको."

ती हसली. तिला कोरा रंगमंच हवा होता. आमचं स्टेज तयार होतं, उद्घाटन बाकी. मागे विटांची भिंत. दार नाही, खिडकी नाही. विंगासुद्धा लागल्या नव्हत्या.

मंडळाने होकार दिला. एकच अट, सभागृहात मांस नको.

मांसाऐवजी नारळ टांगायचं ठरलं.

तिथेच सगळं बिघडलं...

वाघ झाला धुडकू. लूमवर कामाला, पण गावाकडे सोंगं नाचवलेला माणूस. वाघाला बांधणारी चंचल स्वतः, तोंड काळं रंगवून. चाळीसेक माणसं खुर्च्यांवर. प्रत्येकाला तिने दारातच बजावलेलं. पहिल्या रांगेत प्रोफेसर, आणि त्यांच्या शेजारी आमचे निंबाआबा. पंचाहत्तरीचे. वस्तीतली कुठलीही आरती त्यांच्या आवाजाशिवाय सुरू होत नसे.

टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर. विधी झाल्यावर चिनी गाणी वाजवायची होती. तोवर बंद.

झांज सुरू झाली.

धुडकू चार पायांवर आला. पांढरी चादर, रंगवलेलं तोंड. नारळाभोवती फिरला. वास घेतला. पोरंसुद्धा हसली नाहीत.

मग त्याने पंजा मारला. नारळ दोरीतून सुटला, स्टेजवर आपटला आणि फुटला.

आता आमच्या माणसासमोर नारळ फुटला की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. डोकं विचार करायच्या आत तोंड उघडतं.

निंबाआबांनी हात वर केला.

"गणपती बाप्पा..."

झांज थांबली.

चाळीस माणसं ओठ दाबून बसलेली. कोणी उत्तर दिलं नाही. आबांचा हात तसाच वर.

आणि मग...

"मोरयाऽऽऽ"

स्टेजच्या मागून.

एकच आवाज. बारीक, लांबवलेला, वर चढत गेलेला. बाईचा म्हणावा तर बाईचा नाही. शब्द आमचा, पण सूर आमचा नाही.

धुडकू चादरीत गोठला होता. चंचल त्या भिंतीकडे बघत होती. मग तिने साखळी अडकवली आणि त्याला आत नेलं. आत म्हणजे कुठे, पडद्याच्या एका घडीमागे.

टाळ्या झाल्या. प्रोफेसर उठले.

"बहुत खूब. वो पीछे से आवाज किसकी थी?"

 मी तिच्या काळ्या रंगवलेल्या तोंडाकडे बघत होतो. तिथे काही दिसत नव्हतं.

"सर, मेरा ही इंतजाम था. कॅसेट."

प्रोफेसर खूश. परंपरेला स्थानिक उत्तर, असं काहीतरी म्हणाले.

मी मांडीवरच्या टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. बटण वरच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती झाली. आबांनी घोष दिला, आम्ही उत्तर दिलं. आमचा आवाज थांबला तरी आबा काहीतरी ऐकत राहिले, मग मागे वळले.

"कोण रे मागे राहिलं?"

कोणीच राहिलं नव्हतं. मी शेवटच्या ओळीत होतो. माझ्यामागे फक्त भिंत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी घरात पाणी मागितलं. "हो," असं उत्तर आलं. मंगलाबाई, त्यांची बायको, तेव्हा बाहेर नळावर होती...

मग त्यांनी घोष देणं सोडलं. मग हाक मारणं. मग बोलणंच. आवाज गेला नव्हता, डॉक्टरने घसा तपासला. "नीट आहे," म्हणाला.

एप्रिलमध्ये चंचलला पत्र आलं. जागा मिळाली. आम्ही पेढे वाटले. ती निघायच्या आदल्या दिवशी मंगलाबाई आमच्याकडे आली. पेढा हातातच धरून बसली.

"एक सांग बहीन. तो आवाज तुना व्हता का?"

चंचलने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणावं तर कॅसेट खोटी, आणि नोकरी अजून सुरूही झाली नव्हती.

"हो मामी. माझाच होता. आबांना सांगा, घाबरू नका."

मंगलाबाईने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता. उलट सुटल्यासारखी दिसली.

"मंग आते बंद करी दे," ती म्हणाली.

 पंखा फिरत होता. माझी बायको उगाच चहा ठेवायला उठली.

मंगलाबाईने पेढा पदरात बांधला आणि गेली.

नव्याण्णव साली आबा गेले. शेवटची दोन वर्षं एक शब्द न बोलता. मी दहाव्याला गेलो तेव्हा मंगलाबाईला विचारलं, मामी, आता तरी शांत आहे ना घर?

तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. मग बोट ओठांवर ठेवलं आणि हळूच मागच्या भिंतीकडे दाखवलं.

चंचलला जागा मिळाली, पुढे विभागही तिच्या हाताखाली आला. प्रोफेसरांना परिषदेत सांगायला किस्सा मिळाला. मंडळाचं सभागृह उत्तम चाललंय, तिथे कधी काही झालं नाही. धुडकूला काही झालं नाही. मलाही नाही.

किंमत निंबाआबांनी दिली, ज्यांना त्यातलं काहीच मिळणार नव्हतं. उरलेली किंमत मंगलाबाई देते आहे, रोज, तोंड बंद ठेवून.