माऊलीच्या नावचे आवतन

प्रियांकाच्या लग्नाचे फोटो कोणाकोणाला पाठवायचे हे विचारायला नागेश माणिकरावांच्या घरी गेला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंगणात मांडवाचे सुकलेले टहाळे अजून लोंबत होते आणि रविवारच्या पंगतीच्या चुलवणातली राख कोंबड्या उकरीत होत्या.

अल्बम व्हायला महिना लागतो. तोवर लोकांना धीर नसतो. म्हणून ताडकळसच्या आपल्या स्टुडिओत नागेश लग्नाचे सगळे फोटो एका फोल्डरात घालून नातेवाइकांना त्याची लिंक पाठवीत असे. पाहुण्यांच्या मोबाइलमध्येही काही फोटो असतात. तेही त्याच फोल्डरात यावेत म्हणून तो प्रत्येकाला नुसती पाहण्याची नव्हे, तर भर घालण्याचीही मुभा देई. प्रियांकाच्या फोल्डरात चारशे बारा फोटो होते.

माणिकराव ओसरीवर बसून नावे सांगत गेले. जावई, जावयाचे भाऊ, मामा. मग पुतण्या दत्तराव, आणि दत्तरावाच्या पाठीपाठी हिंडणारा बजरंग.

"झालं एवढंच," ते म्हणाले.

"माऊलीला बी पाठव की," आतून पार्वतीबाईंचा आवाज आला.

नागेशचे बोट मोबाइलवरच थांबले. माऊली म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी मळ्यातल्या विहिरीत पडून गेला होता.

"हळदीच्या दिशी विहिरीवर जाऊन आवतन दिलंय मी त्याला," त्या दारात येऊन म्हणाल्या. "समद्यांला दावायलास अन् त्यालाच न्हाई? सख्ख्या बहिणीचं लगीन हाय ते."

"अगं, त्याचा मोबाइल तरी घावला का?" माणिकराव खाली मान घालून पुटपुटले.

"मोबाइल कशाला लागतो? ह्यानंच तर त्याला ते ईमेल का काय काढून दिलं व्हतं फॉर्म भरताना. व्हय का न्हाई रे नागेश?"

ते खरे होते. निम्म्या पंचक्रोशीचे ईमेल नागेशच्या स्टुडिओतच जन्मले होते आणि त्याच्या वहीत पासवर्डांसकट नोंदलेले होते.

आवतनाची ही रीत त्या घराण्यात जुनी होती. घरातले कोणी अकाली गेले असेल, तर कार्याच्या आधी ते जिथे गेले त्या जागी अक्षता टाकायच्या आणि नाव घेऊन जेवायला बोलवायचे. कार्य आटोपले की तिथेच पान वाढून निरोप द्यायचा. अशा रीतींकडे नीट पाहिले तर ध्यानात येते, की त्या मृताला देव करीत नाहीत, पाहुणा करतात. आणि पाहुणा म्हटला की मानाबरोबर नियमही आले. बोलावल्यावाचून त्याने यायचे नाही, निरोपावाचून जायचे नाही, आणि जेवून गेल्यावर कधीतरी उलट आवतन द्यायचे. माणसे हे नियम नकळत पाळत असतात. ते किती कडक आहेत हे मोडल्यावर कळते.

म्हातारीचे मन राखावे म्हणून नागेशने यादीत माऊलीचे नाव घातले. हाताला सवय होती तीच मुभा दिली: भर घालू शकतो.

"निरोपाचं पान ठिवलं का काकू?" जाता जाता त्याने सहज विचारले.

"ठिवीन," पार्वतीबाई म्हणाल्या. "घाई काय हाय? लय दिसांनी आलाय."

मोटरसायकल चालू करताना नागेशने मळ्याच्या दिशेला पाहायचे टाळले. त्याला कारण होते. विहिरीतून माऊलीला बाहेर काढले, तेव्हा पंचनाम्याचे फोटो काढायला त्यालाच बोलावले होते. त्याने बारा फोटो काढले. बाराव्याच्या वेळी दोघांनी प्रेत पालथे केले होते. डोक्याच्या मागची कवटी आत बसली होती. दगडाने कवटी फुटते तशी ती नव्हती. पहारीच्या टोकाएवढी चौकोनी खाच होती, तिच्या काठांवर केस आत ओढले गेले होते आणि आतून पाण्याने धुतलेला पांढरा मेंदू दिसत होता. बांधावरून दत्तरावाचे आणि माऊलीचे वैर सगळ्या शिवाराला ठाऊक होते. मोटारीच्या पाइपाखाली बजरंग हात धूत उभा होता. फार वेळ धूत होता. दत्तरावाने नागेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"तेवढा एक ऱ्हाऊ दे, नागेश. विहिरीचा दगड लागला असंल."

स्टुडिओ दत्तरावाच्या जागेत होता आणि पहार कुठे असेल हे नागेशला विचारायचे नव्हते. त्याने बाभळीच्या सावलीत बसून बारावा फोटो पुसून टाकला. अकरा फोटो पोलिसांकडे गेले. पंचनाम्याच्या कागदावर दगड आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडून त्याने संगणक लावला. फोल्डरात चारशे तेरा फोटो होते.

नवा फोटो जवळजवळ सगळाच काळा होता. मधोमध पांढऱ्या उजेडाचा एक वाटोळा तुकडा आणि त्याच्या काठावर गवताची पाती. तो काय आहे हे नागेशला लगेच कळले नाही. मग त्याने मान मागे टाकून वर पाहिल्यासारखे करून पाहिले, आणि कळले. विहिरीच्या तळातून आभाळ असे दिसते.

खाली लिहिले होते: भर घालणारा, माऊली.

कोणाला तरी तो मोबाइल सापडला असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. माऊलीच्या जुन्या नंबरवर फोन लावला. नंबर अस्तित्वात नव्हता. तो फोन ठेवतो न ठेवतो तोच चारशे चौदावा फोटो आला.

तो पंगतीतला होता. नागेशने काढलेलाच, पण आता मागून काढलेला. बजरंग पानावर वाकून हसत जिलेबी तोडत होता. त्याचे डोके मागच्या बाजूने उघडे होते. चौकोनी खाच, आत ओढलेले केस, मानेवरून सदऱ्यात उतरलेले रक्त. शेजारचे लोक जेवत होते. कोणाचेच लक्ष नव्हते.

दहा मिनिटांत बजरंगचा फोन आला.

"ए फोटूवाल्या, काय च्याळे लावलेस रे? बायकोनं ते बघून ताट फेकून दिलं. आमाला मारायलास व्हय जितेपणी?"

"मी न्हाई टाकला, बजरंग. देवाशपथ."

"मग कोण? माऊली?" तो मोठ्याने हसला. मग हसू मधेच तुटले. "...काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ. मी हरभरा काढायलोय, मशीन चालू हाय. संध्याकाळी येतो तुझ्याकडं."

नागेशने फोटो काढून टाकला. पडद्यावरचे फोल्डर बंद करून पुन्हा उघडले. फोटो तिथेच होता.

बजरंग संध्याकाळी आला नाही. भर दुपारी मळणी यंत्राजवळ वाकला असताना त्याच्या गळ्यातला गमजा ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात गुंतला. दांड्याने त्याला पाठीवर ओढला आणि लोखंडी कडेवर त्याचे डोके आपटले. एकदा नव्हे, ट्रॅक्टर बंद करेपर्यंत दर फेऱ्याला एकदा. हरभऱ्याच्या पिवळ्या भुसकटावर रक्ताचे शिंतोडे दहा हात लांब उडाले होते. त्याला उचलणाऱ्या मजुरांनी सांगितले, की चेहरा जसाच्या तसा होता. मागून मात्र हात घालायला जागा झाली होती.

बाजारच्या दिवशी दत्तराव स्टुडिओत आला. ओटीवर मिरच्यांचे, कांद्याचे ढीग लागले होते, माणसांची रेटारेटी होती. त्याने आत येऊन दार लोटून घेतले आणि नागेशच्या कानाखाली वाजवली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आले.

"कोणाकोणाला दावलास तू तो बारावा फोटो?"

"पुसला व्हता, दत्तराव. तुमच्यासमोर पुसला."

"मग हे काय हाय?" मोबाइलमधला बजरंगचा फोटो नागेशच्या तोंडापुढे नाचवून दत्तरावाने कॅमेऱ्याची तिपाई उचलून काचेच्या कपाटावर घातली. नवरानवरींच्या तसबिरी खळ्ळकन खाली आल्या. "त्याचं नाव काढ. माझ्यासमोर काढ."

नागेशने यादीतले माऊलीचे नाव पुसले. दोघांनी ते जाताना पाहिले. मग, पाण्यात दाबून धरलेले लाकूड सोडताच वर यावे तसे, ते नाव पुन्हा वर आले. यादीच्या सर्वांत वर आले. त्याच्यापुढे मघाशी नागेशच्या नावापुढे असलेला शब्द होता: मालक.

फोल्डरात एक नवा फोटो येऊन पडला.

तो विहिरीच्या काठचा होता. जमिनीलगतून काढलेला, पालथ्या पडलेल्या माणसाने मान वळवली असती तर त्याला जेवढे दिसले असते तेवढे त्यात होते. पुढे ओणवा झालेला, तोंडापुढे कॅमेरा धरलेला नागेश. त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला दत्तराव. मागे पाइप वाहत होता, पण त्याच्याखाली कोणी नव्हते. आणि दत्तरावाच्या डोक्याची मागची बाजू, जी तिथून दिसणे शक्य नव्हते, ती दिसत होती.

दत्तरावाचा हात नकळत मानेमागे गेला. "...बंद कर ते," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि दार उघडून उन्हात धावत सुटला.

नागेशने ते स्टुडिओच्या दारातूनच पाहिले. दत्तरावाने मोटरसायकल गर्दीतून वेडीवाकडी काढली. समोरून आलेल्या टेम्पोला चुकवायला तो वळला आणि तोल जाऊन मागे, पाठीवर फेकला गेला. मागे लोखंडी सळयांनी भरलेली ट्रॉली उभी होती. सळया बाहेर डोकावत होत्या. एक सळई त्याच्या डोक्यात मागून शिरली आणि तो तिच्यावर अडकून राहिला. गुडघे वाकले, पण पडला नाही. तोंड उघडझाप करीत होते. मिरच्यांच्या ढिगावर पडलेले रक्त क्षणभर वेगळे ओळखूही येईना. बाया किंचाळल्या तेव्हा लोकांना कळले.

नागेशने त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. फोल्डर चाळताना त्याला दिसले, की लग्नाच्या चारशे बारा फोटोंपैकी एकातही आता बजरंग नव्हता, दत्तराव नव्हता. पंगतीत त्यांच्या जागी नुसती पाने होती, उष्टी. काल आलेल्या त्या फोटोतही विहिरीच्या काठी एकच माणूस उरला होता, आणि त्याच्या तोंडापुढे कॅमेरा होता.

दुपारी तो माणिकरावांच्या घरी गेला. माणिकराव दत्तरावाच्या मातीला गेले होते. पार्वतीबाई एकट्याच तांदूळ निवडीत बसल्या होत्या. नागेश उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसला.

"काकू, निरोपाचं पान ठिवा. तुमच्या पाया पडतो."

"का रं बाबा?"

त्याने सांगितले. बारावा फोटो, चौकोनी खाच, खांद्यावरचा हात, बाभळीची सावली, सगळे. सांगताना तो लहान पोरासारखा रडत होता. पार्वतीबाईंचे हात तांदळात चालूच होते. एक खडा त्यांनी बाजूला टाकला.

"ठावं व्हतं मला," त्या म्हणाल्या. "न्हाऊ घातलं मीच त्याला. आईच्या हाताला दगड अन् लोखंड कळत न्हाई व्हय? पर माझ्या बोटाला कोण विचारतंय? फोटू लागतो तुमाला. तो तुझ्याकडं व्हता."

"चुकलो, काकू."

"व्हय. चुकलास." त्यांचा आवाज शांत होता. "भात लावते. जेवून जा."

"न्हाई... घास उतरायचा न्हाई."

त्यांनी आग्रह केला नाही. भात केला, वरण केले, पळसाच्या पानाची पत्रावळ लावली आणि दोघे मळ्यातल्या विहिरीवर गेले. ऊन कडक होते, तरी पाइपाखालची जमीन ओली होती. पार्वतीबाईंनी काठावर पान ठेवले, भोवती पाणी फिरवले आणि अंगणात खेळणाऱ्या मुलाला हाक मारावी इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "माऊली, जेव बाबा. बहिणीचं लगीन बघितलंस, मन भरलं आसंल. आता जा. माघारी बघू नगंस."

खाली पाण्यात काहीतरी हलले आणि स्थिर झाले. नागेशने मोबाइल पाहिला. यादीत माऊलीचे नाव नव्हते. चारशे बारा फोटो होते. मालक, नागेश. त्याच्या छातीतून तीन दिवसांचा श्वास बाहेर पडला.

"आता उद्या ठाण्यात जाऊन सांगतो समदं," तो म्हणाला.

"सांग," पार्वतीबाई पदराने हात पुशीत म्हणाल्या. "मी त्याला मानानं लावून दिलं. पान तुझ्या सांगण्यावरनं वाढलं. पर तो बी मानाचा व्हता बाबा. कोणाकडं जेवून आला, की त्याला बोलावल्याबिगर राहत न्हवता."

त्या बांधावरून निघून गेल्या. नागेश मोटरसायकलपाशी आला, किल्ली लावली, तोच खिशात मोबाइल थरथरला. माऊलीने एक फोल्डर तुमच्यासोबत शेअर केले आहे. फोल्डरचे नाव होते: पंगत.

उघडायचे नाही, हे त्याच्या मनात आले तेव्हा ते उघडलेले होते. आत एकच फोटो होता. ओल्या, शेवाळलेल्या दगडांच्या गोल भिंती. वरून पडलेला उजेडाचा वाटोळा कवडसा. पाठमोरे, मांडी घालून बसलेले दोघे, मानेवरून सदऱ्यात काळे रक्त उतरलेले. आणि त्यांच्या शेजारी वाढलेले तिसरे पान. भातावरून वाफ निघत होती, पण ढीग एका बाजूने मोडला होता. कोणीतरी पहिला घास घेतला होता.

तो नीट पाहावा म्हणून नागेशने काचेवर अंगठा फिरवला. काच चिकट झाली. त्याने हात उन्हात धरला. उजव्या हाताच्या पाचही बोटांना वरणभाताची शिते लागली होती, आणि ती अजून गरम होती.