बेचाळिसावं तिकीट

तिकीट हातात असूनही बोट तिच्या डोळ्यांदेखत सुटली, आणि तिचं डोकंच फिरलं. पलीकडच्या काठावर संध्याकाळी ताईचं लग्न होतं.

"जागा चाळीस आणि तिकिटं बेचाळीस?" तिनं खिडकीवरच्या माणसाला फैलावर घेतलं. "कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?"

त्यानं तिच्या शेजारी नजर वळवली. तिथं एक उंच तरुण बॅग घेऊन उभा होता. त्याचीही बोट चुकली होती.

"माझ्या," तो खाली बघत म्हणाला. "कंपनीचं हे गणित मीच करतो. आज घरी निघालो होतो... राहिलो."

"बरं झालं! चांगली जिरली!"

"ऐका तरी. दहा फेऱ्या धरा. एका फेरीला सगळे येतात. दोन फेऱ्यांना एक जण येत नाही, चार फेऱ्यांना दोघं, दोन फेऱ्यांना तिघं, एका फेरीला चौघं. सरासरी दोन. म्हणून दोन तिकिटं जास्त —"

"आणि सगळे आले की?"

"दोघं राहतात. एकच जण आला नाही, तर एक राहतो. म्हणजे दहा फेऱ्यांत चार माणसं..." तो अडखळला. "ही चार मी कधी धरलीच नाहीत. वाटलं, इतर वेळी जागा रिकाम्या जातात, त्यात भरून निघेल."

"निघतं?"

"नाही. उद्याची रिकामी जागा तुम्हाला आज काय कामाची?"

चूक इतकी सरळ कबूल केल्यावर भांडायचं कसं? तिला आणखीनच राग आला. दोघं धक्क्यावरच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं तो उठून दुसऱ्या टोकाला गेला.

"तिकडे का गेलात?"

"वारा इकडून येतोय."

"मग?"

"मग... काही नाही."

तिनं विस्कटलेले केस मागे सारले. आता ते उडत नव्हते. त्याच्या पापण्या लांब होत्या, आणि आपल्याला त्या दिसाव्यात याचाही तिला संताप आला.

पुढची बोट आली. जागा एकच रिकामी. त्यानं तिची बॅग आत ठेवली.

"आणि तुम्ही?" ती खेकसली.

"येईन... त्यानंतरच्या बोटीनं."

"तर मग जेवायला लग्नघरी या. दिव्यांनी सजवलेला हॉल, पलीकडच्या धक्क्यासमोरच. खुर्ची राखून ठेवते."

"नाही आलो तर?"

"तसा आकडा तुमच्या कोष्टकात ठेवूच नका!"

ती पोचली तेव्हा ताई तोंड फुगवून दारातच उभी होती. धाकट्या बहिणीसाठी तिनं सगळं थांबवून धरलं होतं. लग्न लागलं, पंगत बसली. तिच्या शेजारची खुर्ची मागायला जो तो येत होता, आणि ती प्रत्येकावर डाफरत होती. शेवटी आत्या आली.

"कुणाची गं ही खुर्ची?"

दारात एक उंच माणूस बॅग घेऊन, धापा टाकत, कुणाला तरी शोधत होता.

"त्याची," ती म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "मला त्याच्यावर अजून खूप चिडायचंय, आत्या... जन्मभर पुरेल इतकं."