बोर्गहिल्डमावशीचा पाहुणचार

विश्वास ठेवाच म्हणून मी कुणाला गळ घालणार नाही. पण यातलं एक अक्षरही खोटं नाही. मागच्या जुलैतला शनिवार. दुपारचे तीन. गाव आमचं ऑस्टरडाल, पश्चिम मिनेसोटातलं.

हायवेवरून वाट वाकडी करून येणाऱ्यांना मी पत्रकं वाटते. जवळपास काय बघाल? कधीच न नांगरलेलं माळरान, बायसनचा कळप आणि पाच मैलांवरचं ढेपांचं घर. बोर्गहिल्डमावशीच्या आजोबांनी माळावरच्या गवताळ मातीच्या ढेपा रचून बांधलेलं. शेजारच्या लाकडी घरात मावशी एकटी राहायची. माझ्या नवऱ्याची, ऑर्व्हिलची, सख्खी मावशी.

आता तिथे कुणी राहत नाही.

म्हणजे, राहायला नको.

चर्चच्या जेवणाला आमच्याकडे प्रत्येक बाई घरून भांडं भरून आणते. बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर नाव. मागे राहिलेलं भांडं घरपोच करायचं काम पाळीनं. तीन वर्षांपूर्वी पाळी माझी होती, भांडं मावशीचं, तिच्या नेहमीच्या नूडल्स-माशाचं. ऊन मी म्हणत होतं. कोण जातंय पाच मैल धुरळा खात? रविवारी येईलच की ती, म्हणून ते गाडीतच राहू दिलं.

आणि तेव्हा तिकडे मावशी स्वयंपाकघरात पडली होती...

रविवारी ती आली नाही, तेव्हाही कुणी बघायला गेलं नाही. बाराव्या दिवशी पोस्टमनला वास आला. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर तीन दिवस तरी जिवंत असणार. ती फरशी आम्ही बायकांनीच घासली. भांडं मी गुपचूप कचऱ्यात फेकलं. ऑर्व्हिलला काही कळू दिलं नाही. कळलं असतं तर आमचा संसार तिथेच संपला असता.

तर त्या शनिवारी ओहायोचं एक जोडपं ते घर बघून परत आलं. बाई भलतीच खूश.

"काय पाहुणचार हो तुमच्याकडे! आजींनी बळंच जेवायला बसवलं."

दोन्ही घरांना कुलूप असतं, मी म्हटलं. तिचा नवरा हसला.

"कसलं कुलूप? नूडल्स, मासा, वर चुरलेले वेफर्स... दोनदा वाढून घेतलं मी."

आणि त्याच्या तोंडातून... तोच वास.

त्याच्या दातांत काहीतरी पांढुरकं अडकलं होतं.

ते हललं.

मी मागच्या दारी जाऊन भडाभडा ओकले.

ते घर पत्रकातून काढा म्हणून गावच्या समितीच्या हातापाया पडले. लोकांना तेच तर आवडतंय, म्हणाले. हल्ली तिकडून येणाऱ्यांशी मी नाकाला रुमाल लावून बोलते.

ऑगस्टमध्ये ऑर्व्हिल तिथलं गवत कापायला निघाला. जाऊ नकोस म्हटलं, पण कारण काय सांगणार?

संध्याकाळी परतला. वाढलेलं ताट त्यानं बाजूला सरकवलं. पोट भरलंय, म्हणाला.

मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तीन दिवस, आर्डिस. रस्त्यावर गाडी वाजली की तिला वाटायचं, तूच आलीस."

तो भांडला नाही. पुन्हा तो विषयही काढला नाही. पण आता रोज दुपारी तिकडेच जेवतो. घरच्या अन्नाला शिवत नाही.

मला त्याची शिसारी येते आणि त्याहून जास्त माझी स्वतःची. पण त्याला दूर हो म्हणायला मला आता तोंड नाही. रात्री तो माझ्याकडे वळून झोपतो, अगदी जवळ.

तोंड उघडं टाकून...